तिसऱ्या यादीतला माणूस

३ मार्च

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण सध्या फार वाकायला मनाई आहे. उभ्यानेच घालतो, गोड मानून घ्या.

मनाई का, हे सांगायलाच हे पत्र. आधी खुर्ची घ्या. बसलात? आता ऐका.

नव्या नाटकाच्या पडद्याचं काम चालू आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. चाळीस फुटी बंदर, मागे जहाजं, वर सगळं आभाळ. गेले दोन महिने शिडीच्या सहाव्या पायरीवर पोचलो की छातीवर कुणीतरी रंगाची भरलेली बादली ठेवल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटं थांबलो की बादली उचलली जायची. मी म्हणायचो, वय झालं. आमच्या कपडेपटाच्या बाई म्हणाल्या, "वय झालं तर गुडघे दुखतात, छाती नाही." या बाई कायम तोंडात टाचण्या धरून बोलतात, म्हणून मी त्यांना टाचणीबाई म्हणतो. त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. मला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

मनगटातून एक नळी आत सारली आणि काचेवर माझं हृदय दाखवलं. चाळीस वर्षं मी लोकांना पडदे दाखवतोय, मला कुणीतरी पहिल्यांदाच दाखवला. तीन रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत. एक सत्तर टक्के, एक ऐंशी, एक नव्वद. शाळेत मला असे मार्क कधीच पडले नव्हते. बायपास करावी लागेल म्हणतात.

दादाला यातलं काही कळू देऊ नका. त्याचा पाय प्लास्टरमध्ये, आणि त्याचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तुमचा,
पडदेवाला भाऊजी

---

८ मार्च

प्रिय भाऊजी,

मार्क वाचले. एकतीस वर्षं मुख्याध्यापकीण होते, पण इतक्या चांगल्या टक्क्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दोन महिने! दोन महिने छातीवर बादली घेऊन शिडी चढत होतात, आणि मला जानेवारीत लिहिलं काय, तर 'तब्येत ठणठणीत, थोडा दम लागतो'. त्या 'थोड्या'ला मीच लाल शाईने गोल करायला हवा होता.

फोन केला असता, पण तुमच्या कानांचं काय सांगावं! मी 'बायपास' म्हणणार आणि तुम्ही विचारणार, 'काय खास?' त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात निदान अक्षर दिसतं, आणि तुम्ही खोटं लिहायला लागलात की तुमच्या वेलांट्या लांबतात.

आता नीट वाचा. ऑपरेशन उद्या करून घ्या. उद्या जमत नसेल तर परवा. नव्वद टक्के बंद म्हणजे दहाच टक्के उघडं, एवढं गणित मलाही येतं. वाट कसली बघताय? बंदरात जहाज लागायची?

तुमचे बंधुराज बरे आहेत, म्हणजे ओरडत आहेत. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेला माणूस दीड महिना पलंगावर पडून मला सांगतोय की स्टूलच वाकडं होतं. त्यांना काही सांगितलेलं नाही. तुमचं पत्र मी त्यांच्या औषधांच्या खणात, डब्यांच्या मागे ठेवलंय. तिथे ते औषध घ्यायलासुद्धा हात घालत नाहीत.

उलट टपाली तारीख कळवा.

वहिनी

---

१४ मार्च

ती. वहिनींस,

तुमचा हुकूम डॉक्टरीणबाईंना जसाच्या तसा वाचून दाखवला. वयाने तुमच्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढ्या असतील. हसल्या आणि म्हणाल्या, "वहिनींना सांगा, उद्या केलं तर मी घाई केली असं होईल."

मला कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी कागदावर तीन याद्या काढून दिल्या. पहिल्या यादीत ज्यांना झटका आलाय ते. त्यांच्यासाठी मिनिटं मोजायची. दुसऱ्या यादीत ज्यांचं दुखणं वाढत चाललंय, किंवा स्वस्थ बसल्या जागी दुखतंय ते. त्यांना ताबडतोब दाखल करायचं आणि काही दिवसांत उरकायचं. तिसऱ्या यादीत माझ्यासारखे. श्रम केले की दुखतं, थांबलं की थांबतं, रोज तेवढंच. त्यांना काही आठवडे मिळतात, आणि ते वाया घालवायचे नसतात. माझी शुगर तीनशेच्या घरात आहे, ती खाली आणायची, नाहीतर जखम भरणार नाही. एक दाढ किडली आहे, ती काढायची. गोळ्या सुरू करायच्या. मग ऑपरेशन. तारीख २ एप्रिल.

म्हणजे वहिनी, या एका बाबतीत तरी तुम्ही चुकलात. हे पत्र फ्रेम करून ठेवा.

आता एक बारीकशी गोष्ट. नाटकाचा पहिला प्रयोग ११ एप्रिलला आहे, आणि आभाळ अजून अर्धं कोरं आहे. म्हणून मी तारीख १६ एप्रिल मागितली. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठ्या आल्या, पण शेवटी 'दुखण्यात काडीचाही फरक पडला नाही तरच' या अटीवर दिली. कागदाखाली मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'यादी बदलायला पाच मिनिटं लागतात. बदलली की त्या क्षणी यायचं.' दुखलं तर जिभेखाली ठेवायला पंचवीस गोळ्यांची एक चिमुकली बाटली दिली आहे. टाचणीबाईंनी माझ्या कोटाला आतून तिच्यापुरता खिसा शिवला.

झालं समाधान?

भाऊजी

---

२० मार्च

प्रिय भाऊजी,

अर्धं झालं.

कोपऱ्यावरच्या आमच्या डॉक्टरांना विचारून आले. त्यांनीही तेच सांगितलं, की दुखणं स्थिर असेल तर तयारी करून केलेलं ऑपरेशन घाईच्या ऑपरेशनपेक्षा चांगलं. तेव्हा मी चुकले. लिहून देते. खाली सहीही करते. फ्रेम तुमची तुम्ही करा.

पण २ चे १६ झाले, ते डॉक्टरीणबाईंनी केले नाहीत, तुम्ही केलेत. शुगरसाठी थांबणं वेगळं आणि आभाळासाठी थांबणं वेगळं. शाळेत मुलं 'बाई, एकच दिवस द्या' म्हणायची ना, त्यांचा सूर मला अगदी ओळखीचा आहे. त्यांतल्या एकाही मुलाने त्या एका दिवसात गृहपाठ केला नव्हता.

ते असो. दर आठवड्याला मला अहवाल हवा. कुठल्या पायरीवर दुखलं, किती वेळ, गोळी घेतली का. आणि शिडीची सहावी पायरी तुम्हाला का लागते हेही कळवा. ज्याला सत्तर-ऐंशी-नव्वद आहे त्याने खाली बसून समुद्र रंगवावा.

आणखी एक. तुमच्या दोन पत्रांत नाटकाचं नाव एकदाही नाही, नाटककाराचं नाही, पण टाचणीबाईंचा उल्लेख बऱ्याचदा आहे. खिसा आतून शिवला म्हणे! मी नुसतं नमूद करून ठेवते. अनुमान काढणं माझ्या स्वभावात नाही.

बंधुराज आज विचारत होते, 'धाकट्याचं पत्र नाही आलं हल्ली?' मी म्हटलं, तुमचा भाऊ आळशी आहे. ते 'हं' म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

वहिनी

---

२७ मार्च

ती. वहिनींस,

अहवाल सादर.

शुगर एकशे साठ. दाढ निघाली. गोळ्यांनी जादू केली आहे, आता आठव्या पायरीपर्यंत बिनदिक्कत जातो. (रागावू नका, समुद्र झालाय, वरचं आभाळच उरलंय.) कधी दुपारी चहा पीत बसलो की छातीत जरासं गच्च होतं, पण तो गॅस आहे. बेकरीतली बिस्किटं बंद केली की तोही जाईल. १६ तारखेपर्यंत तब्येत लोखंडासारखी राहणार बघा.

आभाळाचा रंग काही केल्या जमत नव्हता. रंग चिकटावा म्हणून घालतात तो सरस जास्त झाला की रंग वाळल्यावर तडकतो, कमी झाला की हाताला लागतो. काल जमला. डाव्या कोपऱ्यातून सकाळ उजाडत येताना दिसते. सुतार म्हणाला, "काका, हे बघून मला मासे पकडायला जावंसं वाटतंय." एवढी पावती मला पुरे.

टाचणीबाईंबद्दल तुम्ही जे अनुमान काढलेलं नाही, ते चुकीचं आहे. त्या मला एक आजारी पडदा समजतात, एवढंच. आज औषधवाल्याकडे त्याच सोबत होत्या. तो थट्टेने म्हणाला, "काका, तिसरी बाटली? पेपरमिंट समजून खाता की काय?" त्या काही हसल्या नाहीत. त्यांना विनोदाचं अंगच नाही.

दादाला सांगा, धाकटा आळशी नाही, कामात आहे.

भाऊजी

---

३१ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र आत्ता दहाच्या टपालाने आलं. थट्टा बाजूला ठेवते.

पंचवीस गोळ्यांची एक बाटली. तेरा दिवसांत तिसरी. म्हणजे पन्नास गोळ्या संपल्या. दिवसाला चार. आठव्या पायरीपर्यंत बिनदिक्कत जाणारा माणूस दिवसाला चार गोळ्या कशाला खातो?

आणि चहा पीत बसलेलं असताना दुखतं. शिडी नाही, श्रम नाही, बसल्या जागी. तुमच्याच पत्रात तुम्ही दुसरी यादी मला लिहून पाठवली होती. ती पुन्हा वाचा. 'गॅस' या शब्दाला वेलांटी नाही म्हणून वाचलात, पण 'बिस्किटं'ची केवढी लांबली आहे बघा.

डॉक्टरांनी १६ तारीख दिली ती अटीवर दिली होती. अट मोडली, तारीख गेली. ती काही तुमची राखून ठेवलेली खुर्ची नव्हे.

हे पत्र तुम्हाला तीन-चार दिवसांनी मिळेल. तेवढा वेळ माझ्याकडे नाही. म्हणून आत्ता नाटकगृहाच्या ऑफिसात फोन करते. तुम्हाला ऐकू येत नसेल, टाचणीबाईंना येतं.

वहिनी

---

१ एप्रिल

आदरणीय ताई,

आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. काल रात्री त्यांना दाखल केल्याचं कळवायला फोन केला, तेव्हा मी धड चार वाक्यंसुद्धा बोलले नाही, आणि तुम्ही म्हणालात, सगळं सविस्तर लिहून पाठवा. म्हणून लिहिते. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

सकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी कपडेपटात खलाशांचे सदरे उसवत होते. तुम्ही म्हणालात, "बसल्या जागी दुखतंय का, एवढंच बघा." मी तशीच रंगशाळेत गेले. ते शिडीच्या खाली खोक्यावर बसले होते. हातात चहाचा कप, कपाला तोंड लावलेलं नाही. कपाळ घामाने डबडबलेलं. मी कानाशी जाऊन ओरडले, "दुखतंय का?" ते म्हणाले, "रंग वाळायची वाट बघतोय." ताई, ब्रश कोरडा होता.

मी कोटाच्या खिशातून बाटली काढली. आत दोन गोळ्या उरलेल्या. चार दिवसांपूर्वी घेतलेली बाटली. मी म्हटलं, "उठा." ते म्हणाले, "१६ तारीख आहे." मी म्हटलं, "वहिनींचा फोन आहे." तेव्हा मात्र उठले. खरं सांगते, माझ्या म्हणण्याने उठले नसते.

सामानाच्या गाडीत पुढे बसवून नेलं. सुताराने गाडी चालवली, मी मध्ये बसले. वाटेत सारखे म्हणत होते, आभाळाला कुणी हात लावायचा नाही. दवाखान्यात लगेच ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. झटका आलेला नाही, पण उंबरठ्यावर उभा होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांना खूप बोलल्या. कागदावर लिहून बोलल्या, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नको. आता शिरेतून औषध चालू आहे, आज दुखलेलं नाही. रक्त पातळ करणारी एक गोळी बंद करून चार-पाच दिवस थांबावं लागतं, म्हणून ऑपरेशन ६ तारखेला. तोपर्यंत पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही. पुन्हा दुखलं तर लगेच घेणार.

माझंही चुकलं. औषधवाला हसला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मी गप्प बसले, कारण ते म्हणाले होते की वहिनींना सगळं कळवलंय.

मी रोज दोन्ही वेळा जाते. मी त्यांना आजारी पडदा समजते, असं त्यांनी लिहिल्याचं तुम्ही फोनवर सांगितलंत. हरकत नाही.

आपली,
कपडेपटवाली

---

४ एप्रिल

प्रिय टाचणीबाई,

हे नाव मी ठेवलेलं नाही, पण मला आवडलंय.

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, मग तोंड धुऊन बाहेर आले आणि यांना सांगायला बसले. कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव केली होती. 'अहो, घाबरू नका, पण धाकट्याला' एवढंच म्हणाले असेन. हे म्हणाले, "गादीखाली बघ." गादीखाली आजच्या गाडीची दोन तिकिटं! शेजाऱ्यांकडून परवाच आणवून ठेवलेली. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणे, "कुबड्या आण."

प्लास्टर अजून निघालेलं नाही. डॉक्टर नको म्हणाले. हे ऐकत नाहीत. ऐकण्याच्या बाबतीत दोघे भाऊ सारखेच, एकाला कानाचं निमित्त आहे एवढाच फरक.

उद्या सकाळी पोचतो, हे पत्रही मीच तुमच्या हातात देईन. तुम्ही त्यांना उठवलंत, हे मी विसरणार नाही.

तुमची ताई

---

६ मे

ती. वहिनींस,

तुम्ही दोघे गेल्यापासून घर मोठं वाटतंय. इतके दिवस दादा माझ्या पलंगावर आणि मी खुर्चीत, दोघेही 'मला काही झालेलं नाही' असं एकमेकांना सांगत बसलो होतो. आता सांगायला कुणी नाही.

छातीची शिवण सुकली आहे. टाचणीबाई तपासून म्हणाल्या, टाका बरा आहे, पण त्यांनी याहून बारीक घातला असता. सकाळी कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत चालतो, संध्याकाळी पुलापर्यंत. त्या सोबत असतात. हो, रोज. करा नमूद.

काल पहिल्यांदा नाटक पाहिलं. मागच्या रांगेत बसून. वहिनी, आभाळाचा उजवा वरचा तुकडा माझ्या हातून राहिला होता, तो कुणीच रंगवला नाही. मी हात लावू नका म्हटलं होतं ना! दिवेवाल्याने तिथे राखाडी प्रकाश टाकून धुकं केलंय. मध्यंतरात शेजारचा माणूस बायकोला सांगत होता, 'धुकं काय झक्क काढलंय बघ.' ज्या तुकड्यासाठी मी जीव टांगणीला लावला, त्याच्यावाचून काही अडलं नाही. उलट तोच गाजतोय. थोडं वाईट वाटलं. मग हसू आलं. हसलं की टाके दुखतात अजून.

आता खरं सांगतो. तुम्ही इथे असताना तोंडून निघालं नाही.

पडदा हे निमित्त होतं. मला भीती वाटत होती. एकदा झोपवलं की आपण उठणारच नाही, अशी. आणि मनात एक खुळचट हिशेब होता, की जोवर आभाळ अर्धं आहे तोवर आपल्याला काही होणार नाही. अर्धवट काम टाकून कुणी माणसाला नेत नाही, असं काहीतरी. म्हणून तर शेवटच्या आठवड्यात मी मुद्दाम हळू रंगवत होतो. गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, अजून तुकडा बाकी आहे. दुखणं वाढलंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तीन याद्या कशाला काढल्या होत्या हेही कळत होतं. पण आपलं नाव दुसऱ्या यादीत आपल्याच हाताने लिहायचं, हे काही जमेना. ते तुम्ही लिहिलंत.

शुद्धीवर आलो तेव्हा आधी दादाच दिसला. कुबड्या टेकून नर्सला सांगत होता की सलाईनची बाटली वाकडी लावली आहे. मी परत डोळे मिटले. म्हटलं, वाचलो.

पण एक कोडं राहिलंच. दादाला कुणी सांगितलं होतं? त्याला विचारलं तर विषय बदलतो. टाचणीबाई शपथ घेतात की त्यांनी नाही.

तुमचा,
भाऊजी

---

१४ मे

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने कागद-पेन पुढ्यात ठेवलंय आणि कोड्याचं उत्तर तूच दे म्हणते. मला लिहायचा कंटाळा आहे. थोडक्यात लिहितो.

माझा पाय मोडला होता, हात नव्हता. औषधांचा खण पलंगाला लागून आहे. तुझी सगळी पत्रं मी पहिल्यापासून वाचली. ही बाजारात गेली की काढायचो आणि घडी होती तशी घालून ठेवायचो. तिसऱ्या बाटलीचं पत्र मी नंतर वाचलं, पण त्या दिवशी ही चार ओळी खरडून लगेच फोनकडे धावली होती, म्हणून मी गप्प राहिलो. हिने माझ्यापासून लपवलं, कारण तू सांगितलंस. मला कळलंय हे मी हिच्यापासून लपवलं, कारण हिला तेवढाच एक आधार होता, की निदान मी तरी निवांत झोपतोय. तुला तीन पत्रं लिहिली आणि फाडली. काय लिहिणार होतो? मला ठाऊक आहे असं लिहिलं असतं तर तू तिलाही खरं लिहायचं बंद केलं असतंस.

सबंध मार्च महिना या घरात तीन माणसं एकमेकांना सांभाळत खोटं बोलत होती, त्यांतला एक तर इथे राहतही नाही. हे काही बरं नव्हे.

तुमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सख्ख्या भावाने तपासून घ्यावं. प्लास्टर निघाल्यावर गेलो. माझीही एक वाहिनी थोडी अरुंद आहे. तूर्त गोळ्या आणि चालणं, कापाकापी नाही. घरी येऊन चपला काढायच्या आधी हिला सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. आज बोलली, म्हणाली, भावाला लिहा.

त्या बाईंना माझा नमस्कार सांग. विचारायचं असेल ते वेळेवर विचार. त्यालाही याद्या असतात.

आणि यापुढे काही दुखलं-खुपलं तर आधी मला कळव. मी तुझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहे. नंबर माझा आधी आहे. रांग मोडून पुढे घुसायचं नाही.

दादा